एक आज्ञावली, चारशे संगणक



साध्या लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा, त्याची वीस आंदोलने, हातात स्टॉपवॉच, आणि शेवटी हाती येणारे गुरुत्व त्वरणाचे मूल्य. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी या प्रयोगाचे गणित करून देणारी एक छोटी आज्ञावली, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, मी लिहिली. दोऱ्याची लांबी, गोळ्याचा व्यास आणि वीस आंदोलनांना लागलेला वेळ भरला की ती त्वरणाचे मूल्य काढी. तिचे नाव 'लंबक'. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर ती मी घातली. विद्यार्थ्यांनी पेन ड्राइव्हवर उतरवून घरी नेली, मित्रांना दिली.

चार दिवसांनी तिच्यात एक चूक असल्याचे माझ्या लक्षात आले. लंबकाची लांबी म्हणजे दोऱ्याची लांबी अधिक गोळ्याची त्रिज्या. मी त्रिज्येऐवजी सबंध व्यासच मिळवला होता. चूक दुरुस्त करायला दोन मिनिटे पुरली. सुधारलेली आज्ञावली मी प्रयोगशाळेतल्या संगणकांवर घातली आणि विषय संपला असे समजून तो विसरूनही गेलो.

तीन आठवड्यांनी प्रयोगवह्या तपासायला आल्या. आपल्याकडे गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. बहुतेकांची उत्तरे त्याच्या जवळपास होती. पण सतरा जणांची उत्तरे सरळ ९.८७ ते ९.९९ च्या घरात. 'निरीक्षणे काळजीपूर्वक घ्यावीत' असा लाल शेरा मारून मी त्या सतरा जणांचे गुण कापले.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी दोन कागद घेऊन आली. म्हणाली, "सर, निरीक्षणं तीच आहेत. इथल्या संगणकावर भरली की एक उत्तर येतं आणि घरच्या संगणकावर भरली की दुसरं. मग चूक निरीक्षणांत कशी असेल?"

तिचे कागद असे होते. गोळ्याचा व्यास २ सें. मी.

दोरा ४९ सें. मी., २० आंदोलनांना २८.४ सेकंद : प्रयोगशाळेत ९.७९, घरी ९.९९
दोरा ९९ सें. मी., २० आंदोलनांना ४०.२ सेकंद : प्रयोगशाळेत ९.७७, घरी ९.८७

बाकी सर्व गोष्टी तशाच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडतो ते पाहावे, हा प्रयोगाचा पहिला नियम. तो त्या मुलीने पाळला होता. मी पाळला नव्हता. तिच्या घरच्या संगणकावर माझी जुनी, चुकीची आज्ञावली होती. दोन्हींचे नाव मात्र एकच : 'लंबक'.

आज्ञावलीची प्रत काढणे सोपे असते. कठीण प्रश्न पुढचे. कोणाकडे कोणती प्रत आहे, ती खरी आहे का, आणि चूक दुरुस्त झाल्यावर ती दुरुस्ती प्रत्येक प्रतीपर्यंत पोचली का? या तीन प्रश्नांची उत्तरे वेब सर्व्हरच्या साहाय्याने कशी मिळतात ते आज पाहू.

येणारे पान आणि राहणारी आज्ञावली

रेल्वेचे वेळापत्रक आपण संगणकावर पाहतो, तेव्हा ते पान आपल्या संगणकात आधीपासून नसते. आपण पत्ता टाकतो, दूरच्या एका संगणकाकडे मागणी जाते आणि तिथून पान येते. हे पान देणारा संगणक व त्यावरील आज्ञावली यांना मिळून वेब सर्व्हर म्हणतात. मागणी आली की मागितलेली वस्तू पाठवायची, एवढेच त्याचे मुख्य काम. ही पद्धत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या भौतिकी संशोधन संस्थेत मांडली आणि १९९१ मध्ये ती बाहेरच्या जगाला खुली झाली. संशोधकांना एकमेकांचे कागद वाचता यावेत, हा मूळ उद्देश होता.

पान दर वेळी नव्याने मागवले जात असल्यामुळे ते सर्व्हरवर दुरुस्त केले की पुढच्या वाचकाला दुरुस्त पानच दिसते. 'लंबक'ची गोष्ट वेगळी. ती वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकात मुक्काम करून राहते. अशा आज्ञावलीला डेस्कटॉप ॲप्लिकेशन म्हणतात. तिचा फायदा असा की नेट नसतानाही ती चालते आणि संगणकाला जोडलेली उपकरणे तिला थेट वाचता येतात. आमच्या प्रयोगशाळेत नेट कधी असे, कधी नसे. म्हणून मला अशीच आज्ञावली हवी होती. पण जी वस्तू घरात राहायला आली, ती आपोआप बदलत नाही.

पूर्वी अशा आज्ञावल्या फ्लॉपीवर, नंतर सीडीवर मिळत. सुधारित आवृत्ती हवी असेल तर नवी तबकडी आणावी लागे. पुढे लोकांच्या लक्षात आले की जो सर्व्हर पान पाठवतो, तो कोणतीही फाईल पाठवू शकतो. सर्व्हरच्या लेखी दोन्ही अंकांच्या राशीच. तेव्हा आज्ञावलीही त्याच्याकडूनच का मागवू नये? या विचारातून २००१ मध्ये सन कंपनीची 'जावा वेब स्टार्ट' आणि २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टची 'क्लिकवन्स' ही साधने आली. पहिले साधन २०१८ मध्ये जावाच्या अकराव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले. पण त्यामागची कल्पना अनेक साधनांत आजही वापरली जाते. ती कल्पना म्हणजे सूची.

छोटी सूची, मोठे काम

सर्व्हरवर आज्ञावलीच्या फायली ठेवायच्याच, पण त्यांच्याबरोबर एक लहानशी यादीही ठेवायची. तिला मॅनिफेस्ट म्हणतात. आपण तिला सूची म्हणू. 'लंबक'ची सूची साधारण अशी आहे :

आज्ञावली : लंबक
आवृत्ती : १.३
किमान चालू शकणारी आवृत्ती : १.२
फाईल पहिली : गणन, २ मेगाबाइट, तिचा ठसा
फाईल दुसरी : आलेख, ४८ मेगाबाइट, तिचा ठसा
फाईल तिसरी : चित्रे, १० मेगाबाइट, तिचा ठसा

विद्यार्थी आपल्या संगणकावर 'लंबक' उघडतो, तेव्हा ती प्रथम सर्व्हरला फक्त ही सूची मागते. सूचीतील आवृत्ती आपल्याजवळच्या आवृत्तीपेक्षा नवी असेल, तरच पुढची देवाणघेवाण. नेट नसेल, तर आहे ती आवृत्ती मुकाट्याने चालू होते. 'किमान आवृत्ती' ही ओळ कशासाठी, हे तुम्ही ओळखले असेल. १.१ मध्ये व्यासाची चूक आहे. सूची हाती पडताच १.१ ने आपले काम थांबवावे आणि नवी प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे ती ओळ सांगते. अर्थात, सूची वाचण्याची सोय आज्ञावलीत आधीपासून असेल तरच हे घडेल. माझ्या त्या पहिल्या आज्ञावलीत ती नव्हती. म्हणून त्या प्रती मला घरोघरी विचारून बदलाव्या लागल्या.

येथे एक गंमत सांगतो. आवृत्तीचा क्रमांक दशांश अपूर्णांकासारखा दिसतो, पण तो तसा नसतो. १.९ नंतरची आवृत्ती १.१० असते. दशांश म्हणून पाहिले तर १.१० ही संख्या १.९ पेक्षा लहान! टिंबाच्या अलीकडचा व पलीकडचा आकडा वेगवेगळा धरून तुलना करावी लागते, हे न कळलेली आज्ञावली नव्या आवृत्तीलाच जुनी समजते.

फाईलचा ठसा

सूचीत प्रत्येक फाईलपुढे 'ठसा' असा शब्द आहे. हा ठसा म्हणजे काय?

नाव, आकारमान किंवा तारीख यांवरून फाईल ओळखणे धोक्याचे असते. माझ्या दोन्ही आज्ञावल्यांचे नाव एक होते. आत फक्त एका ठिकाणी दोनने भागण्याचा फरक. म्हणून फाईलच्या आतील प्रत्येक अंक विचारात घेऊन तिच्यावरून एक संख्या काढतात. माणसाच्या बोटाच्या ठशासारखा तिचा उपयोग होतो.

लहान उदाहरण घेऊ. समजा, फाईलमध्ये फक्त चार अंक आहेत : ४, ७, २, ९. त्यांची बेरीज २२. हा ठसा मानला तर? पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून ७, ४, २, ९ केले तरी बेरीज २२ च. म्हणजे हा ठसा कुचकामी. आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणून बेरीज करू. पहिल्या फाईलसाठी १×४ + २×७ + ३×२ + ४×९ = ६०. दुसरीसाठी १×७ + २×४ + ३×२ + ४×९ = ५७. अदलाबदल पकडली गेली.

पण ६० हाच ठसा असलेली दुसरी चौकडी तुम्ही कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत शोधून काढाल. प्रत्यक्षात याहून फार गुंतागुंतीची रीत वापरतात. 'शा-२५६' ही त्यांतील प्रसिद्ध रीत अमेरिकेत २००२ मध्ये सरकारी मानक म्हणून जाहीर झाली. फाईल एका ओळीची असो वा सबंध ग्रंथालयाची, तिचा ठसा नेहमी २५६ द्विमान अंकांचा. अशा ठशांची एकूण संख्या २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्या. मूळ फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठशातील सुमारे निम्मे द्विमान अंक बदलतात. दिलेल्या ठशाची दुसरी फाईल मुद्दाम बनवणे आज कोणालाही साधलेले नाही.

आता 'लंबक' काय करते ते पाहा. सर्व्हरकडून फाईल उतरवून घेतली की ती स्वतः त्या फाईलचा ठसा काढते व सूचीतील ठशाशी ताडून पाहते. जुळला तर ठीक. न जुळला तर फाईल वाटेत अर्धवट राहिली किंवा बिघडली असे समजून ती टाकून देते.

सही कोणाची?

चौकस वाचक येथे शंका काढील. कोणी चोर माझ्या सर्व्हरमध्येच शिरला, त्याने फाईल बदलली आणि सूचीतला ठसाही नव्या फाईलप्रमाणे बदलला, तर? ठसे जुळतील आणि चारशे संगणक ती विषारी फाईल विश्वासाने उतरवून घेतील.

शंका काल्पनिक नाही. २०१७ मध्ये युक्रेनमध्ये 'एम. ई. डॉक' नावाची कर व हिशेबाची आज्ञावली हजारो कचेऱ्यांत वापरली जात होती. तिच्या सुधारणा पुरवणाऱ्या सर्व्हरमध्ये घुसखोर शिरले आणि सुधारणेच्या वाटेनेच त्यांनी कचेऱ्यांच्या संगणकांत प्रवेश मिळवला. २७ जून २०१७ रोजी त्यांनी सोडलेली 'नॉटपेट्या' ही विध्वंसक आज्ञावली तेथून जगभर पसरली. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले. या कंपनीने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर होईल असा अंदाज दिला. आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एक टर्मिनल मर्स्कचीच शाखा चालवत होती. तेथलेही काम विस्कळित झाले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या आज्ञावलीचा आणि उरणजवळच्या धक्क्यावर खोळंबलेल्या मालाचा संबंध असा होता.

यावर उपाय डिजिटल सहीचा. त्यात दोन किल्ल्या असतात. एक खासगी, फक्त सही करणाऱ्याजवळ. दुसरी जाहीर, सर्वांना ठाऊक. खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने तपासता येते. पण जाहीर किल्ली हाती असूनही सही बनवता येत नाही. रिव्हेस्ट, शामिर व ॲडलमन या तिघांनी १९७७ मध्ये अशी एक रीत शोधली. अगदी छोट्या संख्या घेऊन ती करून पाहू.

जाहीर किल्ली : ३ आणि ३३. खासगी किल्ली : ७ आणि ३३. समजा, माझ्या सूचीचा ठसा ४ आहे. सही करण्यासाठी मी ४ चा सातवा घात काढतो : १६३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी १६ उरते. १६ ही माझी सही. आता तपासणारा काय करील? तो १६ चा घन काढील : ४०९६. त्याला ३३ ने भागले की बाकी ४. सूचीचा ठसाही ४. म्हणजे सही खरी. कोणी सूची बदलली आणि ठसा ५ झाला, तर १६ ही सही तिला जुळणार नाही. आणि नवी सही करायची तर ७ ही संख्या माहीत पाहिजे. ३३ चे अवयव ३ आणि ११ आहेत हे तुम्हाला दिसते, म्हणून ७ शोधणे तुम्हाला जमेल. पण ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या असेल, तर तिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

सही फक्त सूचीवर केली की पुरते. कारण सूचीत प्रत्येक फाईलचा ठसा आहे. सही सूचीला बांधते आणि सूची फायलींना. खासगी किल्ली मात्र सर्व्हरवर कधीही ठेवायची नाही. माझी एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर, कपाटात कुलूपबंद असते. चोराने सर्व्हर लुटला तरी सही त्याच्या हाती लागत नाही.

सहीची मर्यादाही लक्षात ठेवा. ती फाईल कोणाकडून आली एवढे सांगते. फाईल निर्दोष आहे असे सांगत नाही. २०१७ मध्येच 'सीक्लीनर' या आज्ञावलीच्या एका आवृत्तीत घातक भाग घुसवला गेला तो सही होण्याच्या आधीच. त्यामुळे खऱ्या सहीनिशी ती २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोचली. आणि माझी १.१ आवृत्ती? तिच्यावर मी सही केली असती तरी व्यासाची चूक तशीच राहिली असती.

किती वेळ लागेल?

आता थोडे गणित. 'लंबक'च्या तिन्ही फायली मिळून ६० मेगाबाइट होतात. चारशे विद्यार्थ्यांना द्यायच्या तर ४०० × ६० = २४,००० मेगाबाइट. सर्व्हरची लाइन सेकंदाला १०० मेगाबिट पाठवते असे धरू. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला १२.५ मेगाबाइट. २४,००० ला १२.५ ने भागले की १,९२० सेकंद, म्हणजे ३२ मिनिटे. तासाच्या सुरुवातीला सगळ्यांनी एकदम आज्ञावली उघडली, तर निम्मा तास वाट पाहण्यातच जाईल.

पण व्यासाची दुरुस्ती केवळ 'गणन' या २ मेगाबाइटच्या फाईलमध्ये होती. आलेख व चित्रे यांचे ठसे बदललेले नाहीत, हे सूचीवरून कळते. मग त्या फायली पुन्हा कशाला आणायच्या? ४०० × २ = ८०० मेगाबाइट; वेळ ६४ सेकंद. आणि ज्या दिवशी काहीच बदललेले नसते, त्या दिवशी चारशे जणांच्या सूची एका सेकंदाच्या आत देऊन होतात. ठसा हा पहारेकरी तर आहेच, पण तो कष्टही वाचवतो.

बदल कसा करावा?

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. साध्या वाटतात, पण चुका येथेच होतात.

पहिली गोष्ट, सर्व्हरवर आधी नव्या फायली चढवाव्यात आणि सूची सर्वांत शेवटी. उलट केले तर मधल्या दोन मिनिटांत आलेल्या विद्यार्थ्याला सूची नवी आणि फाईल जुनी मिळेल. ठसा जुळणार नाही आणि तो घाबरून जाईल.

दुसरी गोष्ट, वापरणाऱ्याच्या संगणकावर नवी फाईल जुन्या फाईलवर थेट लिहू नये. निम्मी लिहून झाली आणि वीज गेली, तर जुनीही गेली आणि नवीही नाही. नवी आवृत्ती वेगळ्या कप्प्यात उतरवावी, ठसे व सही तपासावी, मगच जुनीऐवजी तिला कामाला लावावे. जुनी काही दिवस तशीच ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास मागे फिरता येते.

तिसरी गोष्ट, नवी आवृत्ती सर्वांना एकदम देऊ नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांना एक सदोष सुधारणा पाठवली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली, पण तेवढ्यात विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्यात चोर कोणी नव्हता. एक साधी चूक, आणि ती सर्वांकडे एकाच वेळी पोचवणारी उत्तम यंत्रणा! दुरुस्ती ज्या वेगाने पोचते, त्याच वेगाने चूकही पोचते. म्हणून मी आता नवी आवृत्ती प्रथम प्रयोगशाळेतील दोन संगणकांना देतो. तेथे जुन्या, माहीत असलेल्या निरीक्षणांची उत्तरे पडताळून पाहतो आणि आठवड्याने बाकीच्यांसाठी सूची बदलतो.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. 'लंबक' आता प्रत्येक उत्तराखाली आपली आवृत्ती छापते. प्रयोगवहीत व्हर्नियरचा लघुत्तम माप आपण लिहितोच ना? तसाच हा आकडा लिहायचा. कोणत्या उपकरणाने मोजले हे न सांगणारे मोजमाप अपुरे असते, आणि आज्ञावली हेही एक उपकरणच आहे. त्या सतरा वह्यांत हा एक आकडा असता, तर लाल शेरा मारण्यापूर्वी माझा हात थांबला असता.

त्या सतरा वह्या मी परत मागवल्या, गुण पूर्ववत केले आणि प्रत्येक शेऱ्याखाली 'चूक आज्ञावलीची होती' असे लिहून सही केली. दोन कागद घेऊन आलेल्या त्या मुलीच्या वहीत मात्र मला आणखी एक ओळ लिहावी लागली. तिने नियंत्रित प्रयोग उत्तम केला होता.

करून पाहा

१. संगणकावर एक छोटी मजकूर-फाईल तयार करा. विंडोजच्या पॉवरशेल खिडकीत 'गेट-फाइलहॅश' ही आज्ञा रोमन लिपीत लिहून तिच्यापुढे फाईलचे नाव द्या. लिनक्सवर 'शा२५६सम' ही आज्ञा वापरा. मिळालेला ठसा वहीत उतरवा. आता फाईलमधले एकच अक्षर बदलून पुन्हा ठसा काढा. मग फाईल पूर्ववत करून तिसऱ्यांदा काढा. काय दिसते?

२. फाईलचे फक्त नाव बदलून ठसा काढा. तो बदलतो का? का बरे?

विचार करा

१. स्थानाने गुणून बेरीज करण्याच्या रीतीने ६० हाच ठसा येणारी, पण ४, ७, २, ९ हून वेगळी अशी चार अंकांची किमान एक फाईल शोधा.

२. वरील छोट्या किल्ल्या वापरून ठसा २ असलेल्या सूचीवर सही करा आणि ती जाहीर किल्लीने तपासून पाहा.

३. काही विद्यार्थ्यांनी चुकीच्या आवृत्तीतीलच लांबी घेऊन लांबी व आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढला आणि रेषेच्या चढावरून त्वरण काढले. त्यांचे उत्तर बरोबर आले! व्यासाच्या चुकीचा चढावर परिणाम का झाला नाही?